रात्री निवणारा सौर बंब : नको तिकडे जाणाऱ्या उष्णतेचा शोध

दुभती जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्यास पहाटे गरम पाण्याची गरज किती असते, हे निराळे सांगावयास नको. चरव्या, किटल्या, दुधाचे कॅन आणि जेथे यंत्राने धार काढतात तेथे यंत्राच्या रबरी नळ्या, या सर्वांची सफाई नीट झाली नाही तर त्यांत ओतलेले उत्तम दूधही संकलन केंद्रावर पोहोचेपर्यंत बिघडू लागते. भांडी प्रथम कोमट पाण्याने विसळावीत, कारण एकदम कढत पाणी घातल्यास दुधातील प्रथिने भांड्यास चिकटून बसतात. त्यानंतर धुण्याचा सोडा घातलेल्या, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेल्या पाण्याने ती घासावीत आणि स्वच्छ पाण्याने धुऊन पालथी ठेवावीत. हे दुसरे पाणी जर ३५-४० अंशांवरच आले तर स्निग्धांश सुटत नाही, आणि जंतूंना मात्र हवी तशी ऊब मिळते.

या कामासाठी अनेक शेतकऱ्यांनी आता घराच्या गच्चीवर सौर बंब बसविले आहेत. त्यांच्याकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. संध्याकाळी हात पोळेल असे पाणी असते आणि पहाटे तेच पाणी कोमट होते. अशा वेळी बंब निकामी आहे असे समजून कोणी टाकीत विजेची कांडी बसवून घेतो, तर कोणी पुन्हा लाकडाचा बंब पेटवितो. वस्तुतः बहुधा बंबात दोष नसतो. उष्णता नष्ट झालेली नसते. ती नको त्या वाटेने नको तिकडे गेलेली असते. ती वाट कशी हुडकावी, याविषयी प्रत्यक्ष पाहिलेल्या एका उदाहरणाच्या आधारे येथे लिहीत आहे.

नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातील एका वस्तीवर एका पौषात जाण्याचा प्रसंग आला. या भागात थंडी कडक पडते; निफाडकडे तर काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. त्या शेतकऱ्याकडे दहा गायी होत्या. गच्चीवर ३०० लिटरचा सौर बंब होता. त्याच्या टाकीतून निघालेल्या गरम पाण्याच्या नळीच्या दोन शाखा केलेल्या होत्या. एक घरातील न्हाणीकडे व दुसरी गोठ्याशेजारच्या दूधघराकडे. आठवड्यात दोन वेळा केंद्रावरून दूध परत आले होते.

“साहेब, रात्रीतून हे पाणी निवतं कसं? टाकीला तर चांगलं जाड आवरण आहे,” शेतकरी म्हणाला.

त्याची पत्नी जवळच उभी होती. ती म्हणाली, “ऊन नसताना वरचं पॅनेल गरम लागतं, हे मी यांना दोनदा सांगितलं. यांना वाटतं मला भास होतो. आणि दिवेलागणीला जनावरांच्या हौदाच्या नळाला कोमट पाणी येतं, ते निराळंच.”

पुढील सर्व तपासणीचे सार या बाईंच्या दोन वाक्यांत होते. त्यांच्या घरी एक नव्हे, दोन दोष होते, आणि एकाचे लक्षण दुसऱ्यात मिसळल्यामुळे ते ओळखू येत नव्हते.

गरम पाण्याचा स्वभाव

पाणी तापले की फुगते व हलके होते. २० अंशांचे एक लिटर पाणी सुमारे ९९८ ग्रॅम भरते, तर ६० अंशांचे सुमारे ९८३ ग्रॅम. म्हणजे लिटरमागे फरक अवघा १५ ग्रॅमचा. तीन मीटर उंचीच्या दोन उभ्या नळ्या घेतल्या, एकीत गरम व दुसरीत गार पाणी भरले आणि त्या खाली-वर एकमेकींस जोडल्या, तर त्यांतील दाबाचा फरक साडेचार सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकाच होतो. हा रेटा फार दुबळा आहे. पण तो रात्रभर थांबत नाही, आणि त्याला पंपही लागत नाही. गरम पाण्याला वर जाण्यास एक वाट आणि गार पाण्याला खाली येण्यास दुसरी वाट मिळाली की चक्र सुरू होते.

गावातील बैठकीत हे दाखविणे सोपे आहे. अरुंद तोंडाच्या लहान बाटलीत गरम पाणी घेऊन त्यात कपड्याची नीळ कालवावी व ती बाटली गार पाण्याने भरलेल्या काचेच्या मोठ्या बरणीत अलगद उभी ठेवावी. बाटलीच्या तोंडातून निळे पाणी धुराच्या रेषेसारखे वर चढताना दिसते. एकाच तोंडातून गरम पाणी बाहेर पडते आणि त्याच तोंडातून गार पाणी आत शिरते, याकडे पाहणाऱ्यांचे लक्ष अवश्य वेधावे. एकाच नळीतूनही उष्णता प्रवास करू शकते, हा मुद्दा पुढे कामास येणार आहे.

या स्वभावाचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. फ्रान्समध्ये बोनमां नावाच्या गृहस्थाने १७७७ च्या सुमारास पॅरिसजवळ अंडी उबविण्यासाठी गरम पाणी नळ्यांतून आपोआप फिरविण्याची योजना केली होती. पुढे थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी हीच रीत पसरली, ती पंपावाचून. शेतीच्या दृष्टीने कुतूहलाची गोष्ट अशी की, या तंत्राच्या आरंभीच्या उपयोगांत कोंबडीच्या पिलांचा वाटा होता. सौर बंब दिवसा चालतो तोही याच बळावर. आणि रात्री बिघडतो तोही याच बळावर.

पहिली तपासणी : रात्रीची

प्रथम एक गोष्ट निश्चित करावी लागते. पाणी वापरल्यामुळे निवते, की न वापरताही निवते? त्यासाठी आम्ही सूर्यास्ताला टाकीतून बाहेर पडणाऱ्या गरम नळीचा कॉक बंद केला. बंद करण्यापूर्वी बादलीभर पाणी सोडून त्याचे तापमान पाहिले, ते ५८ अंश भरले. रात्री कोणीही गरम पाणी घेतले नाही. पहाटे पाच वाजता कॉक उघडून नळीतील गार पाणी आधी वाहू दिले आणि मग पारा पाहिला, तो ३७ अंश. चांगले आवरण असलेली टाकी एका रात्रीत काही अंश उतरते. पण २१ अंश उतरणे हे आवरणाचे काम नव्हे.

तीनशे लिटर पाणी २० अंशांनी निवले म्हणजे ६,००० किलोकॅलरी उष्णता गेली. तेवढीच पुन्हा विजेने द्यावयाची तर ७ युनिट वीज लागते. लाकडाच्या बंबात द्यावयाची, आणि जळणातील उष्णतेचा चौथा हिस्सा पाण्यास लागतो असे धरले, तर सहा-सात किलो सुके लाकूड लागते. आणि हे प्रत्येक रात्रीचे.

पहाटेच्या त्याच वेळी आम्ही बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. पॅनेलच्या काचेवर दव पडले होते, पण फक्त खालच्या दोन तृतीयांश भागावर. वरचा पट्टा कोरडा होता. गरम नळीस हात लावला तर ती चांगली ऊन लागली. सूर्य उगवण्यास दोन तास अवकाश असताना गरम नळी ऊन असण्याचा अर्थ एकच होता. टाकीतले पाणी उलट दिशेने पॅनेलमध्ये उतरत होते आणि दिवसभर ऊन साठविणारे पॅनेल रात्री आभाळास ऊन परत करीत होते. निरभ्र रात्री उघड्या पृष्ठभागाची उष्णता आकाशाकडे निघून जाते व तो भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. द्राक्षाच्या पानांवर दव साचते, कधी हिमकण दिसतात, ते याच कारणाने. पॅनेलचा काळा पत्रा यास अपवाद नाही.

आता हे उलटे वाहणे घडते केव्हा, ते पाहू. टाकी व पॅनेल यांना जोडणाऱ्या नळ्या दोन. टाकीच्या तळातून निघून पॅनेलच्या खालच्या टोकास मिळते ती थंड नळी. पॅनेलच्या वरच्या टोकातून निघून टाकीत शिरते ती गरम नळी. रात्री पॅनेलमधील पाणी जड होऊन खाली बसते व थंड नळीतून टाकीकडे चढू पाहते. टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्याहून पुरेसा उंच असेल, तर ते जसजसे चढते तसतसा थंड नळीतील गार पाण्याचा स्तंभ उंच व जड होतो आणि मागचा रेटा तोलून धरतो. तराजूची दोन्ही पारडी समान झाली की हालचाल थांबते. टाकी खाली असेल तर हा स्तंभ आखूड पडतो, पारडे पॅनेलकडे झुकते आणि चक्र उलटे फिरू लागते. म्हणून टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्यापेक्षा किमान ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, वर असावा असा नियम आहे. या वस्तीवर तो माथ्याच्या वीतभर खाली होता.

असे बसविणाऱ्या कारागिराला दोष देणे सोपे आहे, पण त्याचीही अडचण होती. गरम पाण्याची टाकी गार पाण्याच्या टाकीच्या खालीच असावी लागते, आणि येथे जिन्यावरील सिमेंटची टाकी मुळात ठेंगणी होती. शिवाय गच्चीच्या कठड्याची सावली पडू नये म्हणून पॅनेल उंच घोड्यांवर चढविलेले होते. दोन्हींच्या कचाट्यात गरम पाण्याची टाकी सापडली होती.

शेतकऱ्याने सिमेंटची टाकी पाडून नवी उंच टाकी बांधण्याचा विचार बोलून दाखविला. आम्ही त्यास तसे करू दिले नाही. टाकी वर नेता येत नसेल, तर पॅनेल खाली आणता येतात. दक्षिणेकडील पडवीच्या स्लॅबला कठडा नव्हता आणि तो गच्चीपेक्षा बराच खाली होता. पॅनेल तेथे दक्षिणेस तोंड करून, हिवाळ्यातील कलते ऊन मिळावे म्हणून ३० ते ३५ अंशांच्या उतारावर बसविले. नळ्यांची थोडी लांबी वाढली, तिला आवरण घातले.

हे काम करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पॅनेल भर उन्हात रिकामे करू नये. त्यावर ताडपत्री टाकून, शक्यतो सकाळीच काम उरकावे, नाहीतर रिकाम्या तापलेल्या पॅनेलमध्ये पाणी शिरताच वाफ उसळून हात भाजतो. गरम नळी पॅनेलपासून टाकीपर्यंत सतत चढती असावी; मध्ये कोठेही उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकते आणि दिवसाचे अभिसरणही बंद पडते. टाकी हलवावी लागल्यास ती भिंतीवर किंवा तुळईवर येईल असे पाहावे, कारण ३०० लिटर पाणी भरलेल्या टाकीचे वजन तीन क्विंटलांहून अधिक असते.

झडप बसवावी काय?

येथे कोणीही विचारील की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला तर? बाजारात हा सल्ला सर्रास मिळतो. पंपावाचून चालणाऱ्या सौर बंबात आम्ही तो देत नाही. स्प्रिंगची झडप उघडण्यास जेवढा दाब लागतो, तेवढा पाण्याच्या या दुबळ्या रेट्यात नसतो. ती रात्रीचा उलटा प्रवाह थांबवील, पण दिवसाचा सुलटाही थांबवील. पातळ पडद्याची हलकी झडप दिवसा उघडते खरी, परंतु विहिरीच्या जड पाण्याचा क्षार तिच्या कडेवर बसला की ती पूर्ण मिटत नाही. उंचीला क्षार लागत नाही.

उंची साधणे अगदीच अशक्य असेल तर थंड नळीत साधा कॉक घालून तो सूर्यास्ताला बंद व सकाळी सुरू करणारे काही लोक आहेत. ही सोय तात्पुरती समजावी. सकाळी विसर पडला तर त्या दिवशी पाणी तर तापत नाहीच, वर पॅनेलमधील पाणी उकळते. गरम नळीवर मात्र कॉक कधीही बसवू नये. वाफेला बाहेर पडण्याची ती वाट आहे.

काचेच्या पोकळ नळ्यांचे जे बंब असतात, त्यांत टाकी नळ्यांच्या माथ्यावरच बसविलेली असते. त्यांच्या दुहेरी काचांमध्ये निर्वात पोकळी असल्याने रात्रीची हानी थोडी असते. तेथे पहाटे पाणी कोमट येत असेल तर पुढील दोषाकडे आधी पाहावे.

दुसरा दोष : दूधघरातील रबरी नळी

पॅनेल खाली आणल्यावर रात्रीची तपासणी पुन्हा केली. संध्याकाळी ५९, पहाटे ५२. रात्रीचा प्रश्न सुटला. तरीही न्हाणीत पाणी मधूनच कोमट येई आणि हौदाच्या गार नळाला मधूनच ऊन पाणी येई. येथे बाईंचे दुसरे वाक्य आठवले.

दूधघरात गार व गरम पाणी एकत्र करणारा मिक्सर होता. त्याच्या तोंडास रबरी नळी जोडलेली, आणि वारंवार मिक्सरपर्यंत जावे लागू नये म्हणून नळीच्या टोकास एक लहान कॉक बसविलेला. कॅन धुणारा गडी काम आटोपल्यावर टोकाचा कॉक बंद करी. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहत. पाणी थांबलेले दिसे, पण मिक्सरच्या पोटात गरम व गार नळ्या एकमेकींस जोडलेल्या राहत. घरात कोणी गरम नळ सोडला की तिकडचा दाब उतरे, आणि गार पाणी दूधघराच्या मिक्सरमधून शिरून, टाकीत न जाताच, न्हाणीत पोहोचे. उलट कोणी हौदाचा गार नळ सोडला की गरम पाणी त्याच वाटेने जनावरांच्या हौदात जाई. कष्टाने तापविलेले पाणी हौदात पडत होते, आणि गाई त्याबद्दल काही बोलत नव्हत्या.

हा दोष ओळखण्याची रीत अशी. गरम टाकीत गार पाणी आणणाऱ्या नळीचा कॉक बंद करावा व खालचा एखादा गरम नळ उघडावा. टाकीतील पातळी गरम नळीच्या तोंडाखाली गेली की थोड्याच वेळात धार तुटली पाहिजे. धार चालूच राहिली आणि ती गार होत गेली, तर गार पाणी कोठून तरी गरम नळीत शिरत आहे. मग एकेक मिक्सर बंद करीत जावे. ज्याच्या चाव्या फिरविताच धार तुटते, तो अपराधी. तपासणी झाल्यावर वरचा कॉक उघडण्यास विसरू नये.

उपाय फुकटचा होता. टोकाचा लहान कॉक काढून टाकला. आता पाणी थांबवावयाचे तर मिक्सरच्या चाव्याच बंद कराव्या लागतात. गड्यास चार पावले अधिक चालावी लागतात, ही त्याची तक्रार खरी आहे. ज्यांना टोकाचा कॉक हवाच असेल त्यांनी मिक्सरकडे येणाऱ्या दोन्ही नळ्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावेत. येथे टाकीच्या उंचीचा दाब मिळतो, त्यामुळे झडप योग्य ठिकाणी बसते. तिच्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेस आहे एवढे पाहावे.

गार टाकीकडे चढणारी ऊब

या वस्तीवर नव्हता, पण इतरत्र पुष्कळदा आढळतो असा आणखी एक प्रकार थोडक्यात सांगतो. गार टाकीतून येणारी नळी सरळ उभी उतरून गरम टाकीत वरच्या बाजूने शिरत असेल, तर त्याच एका नळीतून गरम पाणी मधून वर चढते व गार पाणी कडेने खाली घसरते, बरणीतील बाटलीप्रमाणे. पहाटे त्या नळीस हात लावून पाहावा. हातभर उंचीपर्यंत ती ऊन लागली तर ऊब वर जात आहे. ही नळी टाकीच्या तळापेक्षा फूटभर खाली नेऊन मग वळवून तळाशी जोडावी. गरम पाणी आपण होऊन खाली उतरत नाही, म्हणून हा झोळ त्याची वाट अडवितो. या नळीत झडप घातली असेल तर हवेची उभी नळी उघडी आहे ना, आणि तिचे तोंड गार टाकीतील पाण्याच्या पातळीहून वर आहे ना, हे आधी पाहावे. तापून फुगलेल्या पाण्यास बाहेर पडावयास दुसरी जागा उरत नाही. पाणी सांडते म्हणून ही नळी लाकडी गुट्टा ठोकून बंद केलेली आम्ही पाहिली आहे. असे करणे जिवावर बेतू शकते.

पंपाने फिरणाऱ्या पाण्याच्या दोन खोल्या

आता ज्यांच्याकडे पंपाने गरम पाणी फिरते त्यांच्यासाठी. पिलांच्या खोल्या गरम पाण्याच्या नळ्यांनी उबदार ठेवण्याची पद्धत थंड देशांत आहे. आपल्याकडे बहुधा विजेचे दिवे, गॅस किंवा कोळशाच्या शेगड्या वापरतात. परंतु जेथे एकाच बॉयलरवरून दोन खोल्यांस स्वतंत्र पंपांनी पाणी दिले जाते, तेथे हाच दोष अधिक नुकसान करतो. पहिल्या आठवड्यातील पिलांना सुमारे ३५ अंश ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्यास तीनेक अंशांनी उतरवावी लागते. शेजारच्या खोलीतील महिन्याच्या पिलांचा पंप बंद असूनही नळ्या तापत राहिल्या, तर ती पिले नळ्यांपासून दूर भिंतीकडे सरकतात, चोच उघडी ठेवून धापा टाकतात व दाणा कमी खातात.

पंप बंद म्हणजे प्रवाह बंद, ही समजूत येथे फसविते. थांबलेल्या पंपातून पाणी आरपार जाऊ शकते. बॉयलर खाली व नळ्या वर असतील तर पाणी स्वतःच्या हलकेपणानेच चढते. किंवा चालू असलेला पंप सामाईक नळीतून रेटा देऊन बंद शाखेत पाणी उलट ढकलतो. यांतले कोणते घडते ते हातानेच कळते. दोन्ही पंप थांबवून तासाभराने बंद शाखेची जाणारी नळी चाचपावी. ती तापतच राहिली तर पहिले कारण. शेजारचा पंप चालू असतानाच आणि परतीच्या बाजूने आधी तापू लागली तर दुसरे. दोन्हींवर प्रत्येक शाखेत स्प्रिंगची किंवा वजनी झडप हाच उपाय आहे, कारण येथे ती उघडण्यास पंपाचे बळ असते. झडप असूनही नळी तापत असेल तर ती खोलून पाहावी. बहुतेक वेळा गंजाचा कण किंवा सांध्यावरील दोऱ्याचा तुकडा तिच्या तोंडात अडकलेला सापडतो. तोही नसेल, तर शाखा मुख्य नळीच्या माथ्यावरून सरळ वर काढलेली आहे का पहावे. तशी असल्यास शाखा बाजूने काढून झोळ देऊन वर न्यावी.

नाशिककडील त्या वस्तीवर फाल्गुनात पुन्हा जाणे झाले. दूध परत येणे थांबले होते. बाईंनी पडवीच्या खांबाला खिळा ठोकून त्यावर आमचा थर्मामीटर टांगून ठेवला होता, आणि शेजारच्या वस्तीवरील बंबाची गरम नळी पहाटे कशी लागते, हे त्या स्वतः जाऊन पाहून आल्या होत्या. तेथे टाकी उंच होती, पण गार नळी वरून शिरत होती.